खिळ्यावरचं पुस्तक

आमच्या पुस्तकांना कोपऱ्यात भोक असतं. त्यातून सुतळी ओवलेली असते आणि पुस्तक खिळ्याला टांगता येतं. प्रकाशन व्यवसायातल्या नव्या वाटा वगैरे विषयांवर बोलायला मला अधूनमधून बोलावतात, तेव्हा ओळख करून देणारे या भोकाचा उल्लेख जरा हसत हसत करतात. मी हसत नाही. त्या भोकासाठी मी घरात भांडले, बाइंडरशी भांडले, पुण्याच्या वितरकाशी भांडले. आणि त्याच भोकाने एकदा मला तोंडघशी पाडलं. सांगायचं तर दोन्ही सांगितलं पाहिजे.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर आमचा छापखाना नाशिकच्या जुन्या भागात एका गल्लीत होता. लग्नपत्रिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका, पंचांग, आणि वर्षाकाठी चार-पाच पुस्तकं. वडिलांना, म्हणजे अण्णांना, पुस्तकांचा अभिमान होता. त्या पुस्तकांवर प्रकाशक म्हणून माझ्या भावाचं नाव छापलेलं असायचं. दादा पुण्याला एका कारखान्यात इंजिनिअर होता आणि त्याने आयुष्यात एकही प्रूफ वाचलं नव्हतं. हस्तलिखितं वाचणं, लेखकांच्या मिनतवाऱ्या करणं, कागद निवडणं, मुखपृष्ठावर डोकं फोडणं हे सगळं मी करायचे. मी बी.ए. झाले त्या वर्षापासून करत होते. नाव मात्र दादाचं. का, असं विचारलं की अण्णा म्हणायचे, "तू उद्या लग्न करून जाशील. मग काय दर वेळी नाव बदलत बसायचं?" मी तिशीला आले, कुठे गेले नाही, तरी त्यांचं उत्तर तेच राहिलं.

त्या काळात आम्ही द्राक्षबागेवर एक पुस्तक काढलं होतं. एका निवृत्त अधिकाऱ्यांनी लिहिलेलं, जाडजूड, कापडी बांधणीचं. ते लोकांच्या किती कामी आलं हे बघायला मी वणीच्या बाजूला गेले. मला कुणी पाठवलं नव्हतं. अण्णांच्या मते पुस्तक दुकानात पोचलं की प्रकाशकाचं काम संपलं.

एका घरात मला आमचं पुस्तक दिसलं. देवघरात होतं, लाल फडक्यात गुंडाळलेलं, वर हळदकुंकू. घरच्या बाई पन्नाशीच्या, शाळा चौथीपर्यंत झालेली. बाग त्याच बघायच्या. मी त्यांना मावशी म्हणायला लागले ते त्याच दिवसापासून.

"मावशी, पुस्तक इथं का ठेवलं?"

"खाली ठेवलं तं पाय लागंल. ईद्या हाय ती."

"मग वाचता कधी?"

"देवापासलं रोज रोज कोन काढतंय, ताई?"

मग माझं लक्ष दाराशेजारच्या खिळ्याकडे गेलं. तिथे आमचंच पंचांग सुतळीने लटकत होतं, मळलेलं, कोपरे दुमडलेले. पानापानावर पेन्सिलीने लिहिलं होतं. गाय कधी फळली, पाण्याची पाळी कुणाची, छाटणी कधी केली. ते देवघरातलं पुस्तक आणि हे खिळ्यावरचं पंचांग दोन्ही आमच्याच छापखान्यातून निघालेलं होतं. एकाची पूजा होत होती आणि दुसऱ्याचा वापर. मला त्या कापडी बांधणीची अक्षरशः लाज वाटली.

परतीच्या एसटीत माझं ठरलं. पुस्तक मावशींनी सांगायचं, मी उतरवायचं, आणि ते खिळ्याला टांगता आलं पाहिजे.

मावशींनी आधी मला उडवून लावलं. "माझं आयकून कोन बाग लावनार? मानसं म्हनतील, चुलीपासली बाई आली शिकवायला." पण गावातली माणसंच छाटणीच्या वेळी त्यांना बोलावून न्यायची हे मी पाहिलं होतं. मी टेपरेकॉर्डर घेऊन जात राहिले. त्या बागेत काम करता करता बोलायच्या. काडीची जाडी बोटांनी कशी ओळखायची, ऑक्टोबरच्या छाटणीला कोणत्या काडीवर किती डोळे राखायचे. डोळा म्हणजे काडीवरची ती फुगीर गाठ, जिच्यातून फूट निघते आणि घड येतो. डोळे कमी-जास्त ठेवले तर नुसता पाला वाढतो आणि त्या वर्षाचं पीक हातचं जातं. मावशी म्हणायच्या, "येवढं येक चुकलं ना, मंग वर्सभर पाल्याकडं बघत बसायचं."

पुस्तक तयार झालं तशी भांडणं सुरू झाली. बाइंडरकाका आमच्याकडे माझ्या जन्माच्या आधीपासून होते. पंचांगाला भोकं पाडण्यात त्यांची हयात गेली होती, पण पुस्तकाला भोक म्हटल्यावर त्यांनी हात मागे घेतला. "पंचांग वर्षाने टाकून देतात. पुस्तक सरस्वती आहे. दसऱ्याला मी काय तोंड दाखवू तिला?" पुण्याचे वितरक म्हणाले की असलं पुस्तक दुकानाच्या फडताळात उभं राहणार नाही, सुतळ्या एकमेकांत अडकतील, आणि मुळात हे पुस्तक आहे की कॅलेंडर ते आधी ठरवा. मी म्हटलं, फडताळात उभं राहण्यासाठी ते काढलेलंच नाही. त्यांनी एकही प्रत घेतली नाही. अण्णा आठवडाभर माझ्याशी कामापुरतं बोलले.

शेवटी अण्णांनी परवानगी दिली, पण एका अटीवर. लेखक म्हणून मावशींचं नाव चालेल, प्रकाशक म्हणून नाव दादाचंच राहील. या वेळी मी माझ्या नावाचा आग्रह धरला होता. तो मी सोडला. एका वेळी एकच लढाई लढावी असं मी स्वतःला समजावलं. आज मला ते समजावणं पटत नाही. मी घाबरले होते, एवढंच खरं.

काकांचा राग निवळावा म्हणून पहिलं भोक मी स्वतः पाडायचं ठरलं. त्याआधी त्यांनी नेहमीच्या शिस्तीने डमी मागितली, म्हणजे तेवढ्याच पानांचं कोऱ्या कागदाचं पुस्तक. त्यावर आम्ही भोकाची जागा पक्की केली. काका म्हणाले, कडेला घ्या. मी म्हटलं, नको, ओढाताणीत कागद फाटेल, आत घ्या. चांगलं आत घेतलं, आणि जाड सुतळीसाठी मोठंही केलं. डमी ओढून पाहिली, लटकवून पाहिली, मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. कोऱ्या कागदावर सगळंच छान दिसतं.

शेवटच्या प्रुफाच्या वेळी छाटणीचा तक्ता पानात मावेना. मी त्या एका पानाचा समास कमी करून घेतला. एकाच पानाचा. प्रूफ तीनदा वाचलं, आणि प्रुफात भोक नसतं.

हे पुस्तक पुस्तकांच्या दुकानांत गेलं नाही, ते वणीच्या एसटी स्टँडवरच्या पेपर स्टॉलवर गेलं, खत-बियाण्याच्या दुकानांत गेलं, छाटणीच्या कात्र्या जिथे टांगलेल्या असतात तिथे कात्र्यांशेजारी गेलं. मी आणि मावशी आठवड्याच्या बाजारात बसलो. मावशींनी पहिले दोन तास पदर तोंडावर ओढला होता, नंतर त्या गिऱ्हाइकांना दम द्यायला लागल्या. "टांगून ठेव. देवाजवळ ठेवलं तं मी येऊन काढीन." प्रती भराभर गेल्या. अण्णांनी दुसऱ्या खेपेचा कागद मला न विचारता मागवला.

छाटण्या सुरू व्हायला पंधरा-वीस दिवस असतील. मावशी एकट्या एसटीने नाशिकला आल्या. छापखान्यात त्या पहिल्यांदाच येत होत्या. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत. पुस्तक टेबलावर उघडलं आणि भोकात बोट घातलं.

"हितं काय व्हतं?"

मी पाहिलं. तक्त्याची पहिली ओळ. डाव्या बाजूला जाड काडी, आणि उजव्या बाजूला, जिथे डोळ्यांचा आकडा हवा, तिथे गोल भोक. त्यातून मावशींचं बोट.

"आमच्याकडचा येक जन आला व्हता," त्या म्हणाल्या. "त्याची बाग पैल्यांदा फळाला यायची हाय. मला म्हने, मावशी, डोळे किती ठिवू, पुस्तकात तं भोक हाय. तो इचारायला आला. लांबच्या मानसानं कोनाला इचारायचं? वर माझं नाव हाय, ताई. माझ्या तोंडचा आकडा खाल्ला तुमी."

बाइंडरकाका मागे उभे होते. 'कडेला घ्या म्हटलं होतं' हे ते म्हणू शकले असते. ते म्हणाले नाहीत, आणि त्याबद्दल मी त्यांची कायमची ऋणी आहे.

अण्णांनी पुस्तक हातात घेतलं, चष्मा वर केला, पुन्हा खाली घेतला. मग पुण्याला फोन लावला. दादा बराच वेळ बोलला. अण्णा फोन ठेवून म्हणाले, "गाजावाजा नको. उरलेल्या प्रती थांबव. गेल्या त्या गेल्या. शेतकरी एकमेकांना विचारतात." मग जरा मायेने म्हणाले, "आणि तू कशाला एवढी हादरतेस? नाव तुझं नाही त्यावर. बरंच झालं म्हणायचं."

ते मला दिलासा देत होते, हे मला कळत होतं. पण इतका संताप मला आयुष्यात दुसऱ्या कुठल्या वाक्याने आला नाही. पुस्तक चांगलं निघालं तेव्हा ते दादाचं होतं, आणि आता ते बिघडलं तरी दादाचंच? मग मी इतकी वर्षं तिथे कोण होते? निदान चूक तरी माझी होती. जागा मी ठरवली, समास मी कमी केला, काकांचं मी ऐकलं नाही. त्या पुस्तकातलं ते भोक जितकं माझं होतं तितकं दुसरं काहीच नव्हतं. ते मी कुणाला देणार नव्हते.

"अण्णा, मी पत्रक छापतेय," मी म्हटलं. "पिवळ्या कागदावर. आणि खाली माझं नाव घालतेय."

"लोक हसतील."

"हसू देत."

"दादाला काय वाटेल?"

"सुटल्यासारखं वाटेल."

मावशी इतका वेळ उभ्याच होत्या. त्या आता स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "मोठ्या अक्षरात छापा. म्हातारे लय हायेत तिकडं."

पत्रक त्याच दिवशी निघालं. वर सुटलेला आकडा, हातभर लांबूनही दिसेल एवढा मोठा. खाली दोन ओळी: या पुस्तकाचं काम मी पाहते. भोकाची जागा मी चुकवली, मावशींचा आकडा बरोबर होता. त्याखाली माझं पूर्ण नाव आणि छापखान्याचा पत्ता. छापील कागदावर माझं नाव मी पहिल्यांदा पाहिलं ते असं, चुकीच्या खाली. मला अजिबात वाईट वाटलं नाही. उलट मान ताठ झाली.

पुढचे दिवस मी आणि मावशी एसटीने फिरलो. जिथे जिथे प्रती गेल्या होत्या त्या प्रत्येक दुकानात पत्रक लावलं, कात्र्यांच्या खिळ्याला त्याची चळत टांगली, बाजारात ओरडून सांगितलं. काहींनी शिव्या घातल्या. एका दुकानदाराने विचारलं, "प्रकाशक कुठायत? त्यांना पाठवा." मी म्हटलं, "मीच." त्याने पुस्तक उघडून आतलं दादाचं नाव वाचलं, माझ्याकडे पाहिलं. मी पिवळा कागद पुढे केला. "हे वाचा. यावर खरं आहे."

एका घरी आम्ही सांगायला गेलो तर तिथल्या माणसाने पुस्तक खिळ्यावरून काढून आणलं. भोकाच्या शेजारी त्याने बॉलपेनने आकडा आधीच लिहून ठेवला होता, शेजाऱ्याला विचारून. आकडा बरोबर होता. त्याच्या खाली त्याने स्वतःच्या जमिनीचा अनुभव लिहिला होता, पुढच्या पानावर आणखी काहीतरी. मावशींनी ते मला वाचायला लावलं आणि म्हणाल्या, "ह्यो माझ्यापेक्षा शाना हाय." तेव्हापासून आमच्या प्रत्येक पुस्तकात अर्धं पान कोरं असतं, वाचणाऱ्याने लिहावं म्हणून.

छाटण्या झाल्या. फूट निघाली, घड दिसायला लागले, आणि छापखान्यात पोस्टकार्डं येऊ लागली. बागेत काय झालं, पुढचं पुस्तक कशावर काढता, भाताच्या आवणावर, म्हणजे रोपांच्या लावणीवर, का नाही, कांदा साठवायच्या चाळीवर का नाही. सगळी माझ्या नावाने. लोकांना पिवळ्या कागदावरचं नाव तेवढं माहीत होतं. पोस्टमन कार्डांचा गठ्ठा अण्णांच्या टेबलावर ठेवायचा आणि अण्णा एकेक कार्ड वाचून माझ्याकडे सरकवायचे.

दोन हजार सालानंतर पुण्याचे तेच वितरक स्वतः गंगापूर रोडवरच्या आमच्या नव्या ऑफिसात आले. पुस्तक पाहिजे होतं, पण शहरातल्या दुकानांसाठी बिनभोकाचं. मी त्यांना चहा दिला आणि नाही म्हटलं. शेवटी त्यांनी घेतलं ते भोकासकटच.

पण ते पुढचं. पत्रक निघालं त्याच वर्षी दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा काकांनी विचारलं, आता तरी भोक कडेला घ्यायचं का? मी म्हटलं, भोक आहे तिथेच राहील, तक्ता हलवू. तक्ता हलवला. मग या खेपेला डमी कोरी नव्हती, छापलेल्या पानांची होती. पहिल्या पानाच्या मागे, जिथे वर्षानुवर्षं दादाचं नाव असायचं, तिथे मी कुणाला न विचारता माझं घातलं आणि प्रूफ अण्णांपुढे ठेवलं. त्यांनी ते पान नेहमीपेक्षा जास्त वेळ पाहिलं. पेन उचललं, पत्त्यातला एक राहिलेला स्वल्पविराम घातला, आणि कोपऱ्यात सही करून पान छपाईला दिलं.