श्रावणातला डबा

दोन हजार सालच्या आसपास मी रत्नागिरीत डी.एड. करत होते. दहावीच्या पुढे शिकणारी आमच्या घरातली मी पहिलीच. सरावपाठासाठी खाडीकाठच्या एका शाळेत सहावीचा वर्ग मिळाला होता. विषय होता, एकमेकांच्या चालीरीतींचा आदर. नुसतं बोलून मुलांना काय कळणार, असं वाटलं. म्हणून सांगितलं, “घरी रोज होतं तेच उद्या डब्यात आणा. गोल करून जेवू.”

श्रावण चालू होता. मी स्वतः तो पाळत होते, तरी हे सांगताना माझ्या ध्यानात आलं नाही.

वर्गात मच्छीमार मुसलमान वस्तीतली एकच मुलगी होती. पावसाळ्यात होड्या वर ओढलेल्या, त्यामुळे ताज्या मासळीऐवजी त्यांच्या घरी सुकटच. तिनं डब्याचा खालचा कप्पा उघडला, तशी मुलं मागे सरकली आणि गोल मोडला.

“बाई, हिनं सुकट आणलीन! श्रावण हाय ना!”

“मांजरीला आवतण द्या रे!”

सगळे हसले. गेल्या महिन्यापर्यंत यातल्या बहुतेकांच्या घरी तीच सुकट शिजत होती.

“आमच्यात श्रावण नसतो,” ती म्हणाली आणि डबा आवरून दप्तर उचलू लागली. आज ती गेली तर पुन्हा शाळेत येणार नाही, असं मला आतून वाटलं.

पाठ बघायला आलेल्या आमच्या कॉलेजच्या बाई कुजबुजल्या, “तिला व्हरांड्यात बसव. तुझे गुण जातील.”

“नाही बाई,” एवढंच मला बोलता आलं. मी माझा डबा घेतला आणि त्या मुलीशेजारी मांडी घालून बसले.

“मी श्रावण पाळते,” मी मुलांना म्हटलं. “सुकट मी खाणार नाही. पण शेजारी बसू नये, असं मला घरी कुणी सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगितलंय?”

मुलीनं वरच्या कप्प्यातली तांदळाची भाकरी पुढे केली. “ही चालंल?”

“चालेल की.” मी माझी काळ्या वाटाण्याची उसळ तिच्यापुढे सरकवली.

गोल काही पुन्हा जमला नाही. दोन मुली तेवढ्या जवळ सरकल्या.

दुसऱ्या दिवशी माझा पाठ नव्हता, तरी मधल्या सुट्टीत मी त्याच जागी जाऊन बसले. बऱ्याच वेळानं ती दारात आली.

“बाई, आज पन सुकटच हाय.”

“असू दे,” मी म्हटलं आणि तिला जागा करून दिली.