सिस्टरचं लिपण

सिस्टर कुणाच्याही घरात शिरल्या की आधी भिंतीकडे बघायच्या, मग माणसांकडे. भिंतीवर तळहात फिरवायच्या, नाक लावून वास घ्यायच्या, आणि घरात आजारी कोण आहे ते सावकाश विचारायच्या. आमचं पोड म्हणजे झरी जामणीच्या जंगलातली आम्हा कोलामांची वस्ती. तिथे त्यांना कुणी नावाने हाक मारलीच नाही. तोंडावर सिस्टर, पाठीमागे 'भिंतवाली'.

त्या बाभुळगावच्या. आवाज असा, की नाल्यापलीकडून बोलल्या तरी अलीकडच्या कोंबड्या पळायच्या. "डास आमच्या इकडंही हायेत," त्या म्हणायच्या. "पन तिथं ताप आला का मानूस ॲटोत बसते. तुमच्या इथं आधी नाल्याले इचारा लागते. डास जात इचारत नाही बाई, पत्ता मात्र बराबर धुंडते."

आमचा पत्ता त्याला आवडण्यासारखाच होता. तीन बाजूंनी जंगल, चौथ्या बाजूला नाला, पाऊस उघडला की खडकांत साचलेली डबकी, आणि कुडाची उघडीवाघडी घरं. रानडुकरांपासून पीक राखायला पुरुष शेतातल्या मचाणावर झोपायचे आणि मच्छरदाणी घरी घडी घालून ठेवलेली. सिस्टरांनी माझ्या नवऱ्याला चारचौघांत विचारलं, "काहून गा, मच्छरदानीले ताप येते म्हनून तिले घरी ठेवतं का?" तो असा लाजला की त्याच दिवशी मच्छरदाणी मचाणावर टांगली गेली.

हे आता मी हसत लिहिते. पण त्याच्या आदल्या पावसाळ्यात मला हिवताप झाला होता, नाल्याला पूर होता, आणि पोटातलं बाळ गेलं. पुन्हा दिवस राहिले, तेव्हा मी दिवसातून दहादा नाल्याचं पाणी बघून यायचे. हे बाळ मला हवं होतं, बाकी काही सुचत नव्हतं.

फवारणीवाले दरवर्षी घरात औषध मारून जायचे. त्यावर बसला की डास मरतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण भिंतीवर पांढरे डाग पडायचे, आणि डागाळलेल्या घरात पोळा कसा करायचा? म्हणून सणाच्या तोंडावर बाया शेणामातीने घर आतून-बाहेरून लिपून काढायच्या. औषध लिपणाखाली गाडलं जायचं आणि पोळा झाला की पोड तापाने फणफणायचं. माझी सासू तर लिपण्यात पोडात पहिल्या नंबरची.

त्या वर्षी ती मातीचं घमेलं घेऊन आतल्या भिंतीपाशी बसली आणि सिस्टर दारात उभ्या ठाकल्या.

"मावशी, हात थांबव!"

"पोळ्याले घर असं डागडाग ठेवू का? बैल दारात येतीन अन् मले हासतीन."

"बैल हासले त मी पाहीन. तुले नातू पायजे का भिंत?"

सासूने घमेलं बाजूला सारलं. तिने एकदा माझ्या पोटाकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "बाहेरून त लिपू देशीन?"

"बाहेरून लिप, अंगन लिप, मलेही लिप. आतून मात्र हात लावू नको."

आणि पदर खोचून सिस्टर स्वतः बाहेरची भिंत लिपायला बसल्या. इतकं वाईट लिपलं, की बघायला अख्खं पोड जमलं. बायांचं हसणं ओसरल्यावर सासूने तिथेच सगळ्यांना बजावलं, "ज्यानं आतून लिपलं, त्याच्या घरचं पानी मी पेनार नाही."

पोळ्याला बैल आले, पूजा झाली, एकही हसला नाही. मी रोज हुडहुडीची वाट पाहत होते. सिस्टर यायच्या, बोटाला सुई टोचायच्या आणि "निगेटिव्ह!" असं ओरडायच्या, जणू निवडणूक जिंकल्या. हुडहुडी आलीच नाही. नाल्याचं पाणी उतरलं, थंडी पडली आणि मला मुलगी झाली.

"नातू म्हने तू," सासूने लटकंच भांडण काढलं.

"भिंत त नाही झाली ना?" सिस्टर म्हणाल्या, आणि दोघी हसता हसता रडल्या. मीही रडले.

त्यांची बदली झाली तेव्हा आम्ही सगळे नाल्यापर्यंत पोचवायला गेलो. सासू लिपण अर्धं टाकून आली होती. निघताना तिने ओल्या हाताने सिस्टरच्या पाठीवर थाप मारली. पांढऱ्या साडीवर पाच बोटं उमटली.

"आता धुवू नको," सासू म्हणाली.

सासू आता नाही. पण त्यानंतर पोडाच्या नाईकांनी, म्हणजे आमच्या प्रमुखांनी, ठरवलं, आतलं लिपण फवारणीच्या आधी उरकायचं. आजही तसंच होतं, आणि त्याला 'सिस्टरचं लिपण' म्हणतात. त्या दिवशी पोडात गोडधोड असतं. परवा शाळेत माझ्या लेकीने सणांची नावं सांगितली : पोळा, दिवाळी, सिस्टरचं लिपण. गुरुजींनी मला विचारलं, हा कोणता सण?

मी म्हटलं, "आमचा आहे. आम्ही जिंकलो होतो."