जवळ्याला मासे कोण म्हणतं?

मी रत्नागिरीतल्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते, आणि माझी खोड घरादाराला ठाऊक आहे. मला पसारा बघवत नाही, कपाटातलाही नाही आणि कॉम्प्युटरमधलाही नाही. म्हणून लहान मुलांच्या आहाराच्या पाहणीचं विश्लेषण माझ्याकडे आलं, तेव्हा मी आधी साफसफाई काढली. फॉर्म सरळ होता. काल दिवसभरात बाळाला डाळ दिली का, अंडं दिलं का, मासे दिले का. होय म्हणजे एक, नाही म्हणजे शून्य. शेवटी ‘इतर’ नावाचा एक रकाना होता आणि पाहणी करणाऱ्या मुलींनी त्यात काहीबाही लिहून ठेवलं होतं. आकड्यांच्या तक्त्यात अक्षरं कशाला, म्हणून एका कमांडसरशी तो रकाना उडवला आणि मोकळी झाले.

सॉफ्टवेअरने जे दाखवलं ते मात्र विचित्र होतं. पाहणी ऐन पावसाळ्यातली, आणि मालगुंडच्या अलीकडच्या एका कोळीवाड्यात मासे खाल्लेलं एकही बाळ नव्हतं. तिथल्या अंगणवाडी सेविकेच्या गृहभेटीच्या वहीत मात्र जवळजवळ प्रत्येक घरापुढे ‘मासे दिले’ असं लिहिलेलं. तालुक्याच्या अधिकारी बाईंनी माझा तक्ता आणि ती वही शेजारी शेजारी ठेवली. खोट्या नोंदींबद्दल नोटीस काढायची असं ठरलं. नोटीस निघाली की सेविकेचं काम गेल्यात जमा होतं.

सेविका मला कॉलेजात भेटायला आली. पन्नाशीची, अंगाने किरकोळ बाई. ती रडेल म्हणून मी पाण्याचा ग्लास पुढे करून ठेवला होता. तिने त्याला हातही लावला नाही.

“मी खोटं लिवलेलं नाय, मॅडम. तुमी त्या आयांना एकदा विचारा तरी.”

मला रागच आला. माझ्या तक्त्यावर कुणी शंका घेतली की मला राग येतो. तरी दुसऱ्या दिवशी कोळीवाड्यात गेले, खरं सांगायचं तर तिला खोटं पाडायलाच. पहिल्याच घरात एक तरुण आई मांडीवरच्या लेकीला भात भरवत होती. काल मासे दिले होते का, असं मी विचारलं. ती हसली.

“आता मासे कुठले? होड्या वर काढल्यायत. जवळा होता भातावर.”

मग जवळा, म्हणजे ती सुकवलेली बारीक कोळंबी, मासेच ना, असं मी म्हटलं. तिने माझ्याकडे असं बघितलं की मला माझी पदवी परत करावीशी वाटली.

“जवळ्याला मासे कोण म्हणतं?”

कुणीच म्हणत नाही. माझी आईसुद्धा म्हणायची नाही. “आज मासे नाहीत हो,” असं म्हणून ती पावसाळाभर ताटात जवळ्याची चटणी वाढायची आणि आम्ही बोटं चाटायचो. पाहणीला आलेल्या मुली घाटावरच्या. त्यांनी ‘मासे’ पुढे इमानदारीत शून्य लिहिलं, आणि ऐकलं तेही लिहिलं. ते गेलं ‘इतर’ मध्ये, आणि ‘इतर’ उडवलं मी. मला इतकी लाज वाटली की परतीच्या बसमधून उतरून मी घरी न जाता थेट कॉम्प्युटरपाशी गेले.

मूळ फाइल सुदैवाने शाबूत होती. जवळा, जवला, सुकट, सुकी चटणी, बोंबील भाजून, असं प्रत्येकीने आपापल्या परीने लिहिलेलं. एकेक शब्द वाचून मी तो मासळीत धरला आणि विश्लेषण पुन्हा चालवलं. सकाळी सेविकेला बरोबर घेऊन तालुक्याच्या कचेरीत गेले आणि सांगितलं की चूक माझी आहे, हिची नाही. अधिकारी बाईंनी नोटिशीचा कागद फाडला.

आता सेविका सुटकेचा श्वास टाकेल आणि घरी जाईल, असं मला वाटलं होतं. तिने माझा नवा तक्ता ओढून घेतला आणि बोटाने ओळी शोधू लागली. तीन बाळांपुढे अजूनही शून्यच होतं. तिने वही उघडून त्याच तीन घरांची पानं आमच्यापुढे धरली. तिथेही ‘दिले नाही’ असंच होतं, दर भेटीला.

“ही तिघं खरीच मासळीबिगर हायत. चारदा लिवून दिलंय मी. कुणी वाचलंच नाय.”

अधिकारी बाईंनी त्याच आठवड्यात तिथे जायचं ठरवलं आणि मी न विचारता बरोबर गेले. दोन घरांत बाळाला सुकं उष्ण पडेल अशी भीती होती. सेविकेने चुलीपाशी बसून जवळा धुतला, भाजला, कुटून मऊ भातात कालवला आणि आधी स्वतः एक घास खाल्ला. तिसऱ्या घरात बाळाला भरवायला काही नव्हतंच. तिथल्या बाळाला अंगणवाडीतून जादा आहार आणि सुकी मासळी द्यायची, असं अधिकारी बाईंनी जागेवरच लिहून घेतलं, आणि ती मिळूही लागली.

पुढच्या फेरीच्या फॉर्ममध्ये सुक्या मासळीला स्वतंत्र प्रश्न आहे. तो मराठीत कसा विचारायचा हे सेविकेने सांगितलं. माहिती आली तेव्हा मी सरासरी वगैरे काढलीच नाही, आधी ती तीन बाळं शोधली. तिघांपुढेही एक होता. मी लगेच तिला फोन लावला, तर ती म्हणाली, “मला म्हाईत हाय. मीच भरवून आलेय.”