जानेवारीतल्या कुरडया

ज्याच्या तेजाने शेतातले पाणी आकाशी चढते, आणि ज्याच्या इच्छेने तेच पाणी कुठे पाऊस, कुठे गारा, कुठे हिम होऊन उतरते, त्या नारायणाला प्रथम वंदन. ऋतू त्याचे, वाराही त्याचाच. त्या ऋतूंशी दोन हातांनी नेमाने जुळवून घेणाऱ्या एका माउलीची ही हकीकत. नाव शीलाताई राजूरकर. माहेर अकोल्याचे, संसार पंचेचाळीस वर्षे कॅनडातल्या लंडन शहरी. यजमान शरदचंद्रराव निवृत्त इंजिनिअर. मुलगा पुष्कर अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, आणि त्याची मुलगी ईरा नोकरीनिमित्त कॅनडातच, एटोबिकोत.

२०१७ च्या वसंतात ईराचे लग्न निहारशी ठरले. पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात, कॅनडातल्याच ओकव्हिल गावच्या हॉलमध्ये. शीलाताई म्हणाल्या, "रुखवतात कुरडया माझ्या हातच्या असतील." वय शहात्तर, बोटांचे सांधे सुजलेले, याच्या पुढे सोऱ्या फिरवणे आपल्याला जमणार नाही, हे त्या मनोमन जाणून होत्या. म्हणूनच शब्द दिला, आणि दिला तो पाळायचाच होता.

प्रश्न उन्हाचा होता. लंडनच्या एका अंगाला एक सरोवर, दुसऱ्या अंगाला दुसरे. उन्हाळाभर हवा ओली. शीलाताईंनी नकाशा पाहिला आणि पुष्करला फोन लावला.

"तुमच्या आयोवाला समुद्र नाही, मोठं तळं नाही. दमटपणा येणार कुठून? आपल्या अकोल्यासारखं ऊन असेल. गहू भिजवायला तिकडेच येते."

"आई, मे महिन्यात नको," पुष्कर म्हणाला. "गारा पडतात, वादळाचे सायरन वाजतात. डिसेंबरात वारा हाडांत शिरतो. जुलैत ये. ऊन पाहिजे तेवढं."

जुलैत दोघे दहा-अकरा तास गाडीने गेले. गहू तीन दिवस भिजला, वाटला, गाळला, चीक शिजला, घराच्या मागच्या लाकडी डेकवर स्वच्छ कापडावर कुरडयांची रांग लागली. शरदचंद्ररावांनी तिथला फॅरनहाइटचा थर्मामीटर पाहून पुकारा केला, "ब्याण्णव!"

"अहो, आपल्या डिग्रीत सांगा. ब्याण्णवात कुरडयाच काय, मीसुद्धा तळून निघेन."

"तेहेतीस."

ऊन खरोखरच रखरखीत दिसत होते. पण संध्याकाळी कुरडया ओल्या. दुसऱ्या दिवशी मऊ. तिसऱ्या सकाळी खालून आंबूस वास आणि काळे ठिपके. शीलाताई कापडाशी बसून राहिल्या. पुष्कर शेजारी येऊन बसला.

"चूक माझी, आई. मी उन्हाचं बोललो, हवेचं बोललोच नाही." त्याने कुंपणापलीकडे बोट दाखवले. तिथून क्षितिजापर्यंत माणसाच्या उंचीचा मका उभा होता. "हा सगळा मका जमिनीतलं पाणी ओढतो आणि पानांतून हवेत सोडतो. वर दक्षिणेच्या आखाताकडून ओला वारा येतो. जुलैत इथे टॉवेल वाळत नाही."

"मग अकोल्यात कसं वाळायचं रे? तिथेही शेतंच होती."

"मे महिन्यात तिथली शेतं रिकामी असतात, आई."

शीलाताईंनी चार किलो गव्हाच्या कुरडया स्वतःच्या हाताने उचलून टाकल्या. ईराचा फोन आला. "आजी, सीरियसली, इट्स ओके. ग्रोसरीतून आणू."

"नवराही ग्रोसरीतूनच आणायचास मग," असे म्हणून आजीने फोन आजोबांच्या हाती दिला. ईरा हसत होती. आजी हसत नव्हत्या.

शरद ऋतू सरला, हिम आले. जानेवारीत पारा उणे बावीसवर उतरला. एका सकाळी शरदचंद्रराव नाक चोळत जिन्यावरून खाली आले.

"अगं, फर्नेसचा ह्युमिडिफायर बंद पडलाय, हवेत ओलावा सोडतच नाही. घरात हवेची आर्द्रता अठरा टक्के! नाकातून रक्त यायचं बाकी आहे. उद्या टेक्निशियन येतोय."

शीलाताई तेव्हा बेसमेंटमध्ये दोरीखाली उभ्या होत्या. स्नानानंतर पिळून टाकलेला पंचा देवपूजा आटोपेपर्यंत वाळून पापडासारखा कडक झाला होता. त्यांनी तो दोनदा दाबून पाहिला.

"त्याला कॅन्सल करा."

"काय?"

"पंधरा दिवसांनी बोलवा. तोवर नाकाला तूप लावा."

त्याच दुपारी बेसमेंटमध्येच, घर तापवणाऱ्या फर्नेसच्या उबेला गहू भिजत पडला. बाहेर फावड्याने उपसलेल्या बर्फाचे ढीग, आत आंबत्या गव्हाचा वास! शनिवारी चीक शिजवायचा, म्हणून ईरा शुक्रवारीच ट्रेनने आली. शीलाताईंनी सोऱ्या भरला, दोन कुरडया पाडल्या, तिसरीला बोटे आखडली. ईराने सोऱ्या त्यांच्या हातून काढून घेतला.

"आजी, धिस इज लाइक जिम!"

"जिममध्ये शेवटी हाती काय येतं? गोल फिरव, मधे थांबू नकोस. चीक गरम आहे तोवरच. अगं, गोल म्हटलं, हा आयोवाचा नकाशा काढलास!"

ईरा पाडत गेली, आजी बसल्या जागेवरून सांगत गेल्या, आजोबा पंख्याची दिशा बदलत गेले. रविवारी कुरडया उलटल्या. मंगळवारी शीलाताईंनी एक मोडली. कट्‌कन आवाज झाला. वरच्या मजल्यावर जाऊन त्यांनी ती तळली. ती तेलात फुलून पांढरीशुभ्र झाली. अर्धी देवापुढे ठेवली, अर्धी यजमानांना दिली. तेव्हा कुठे टेक्निशियनला फोन करायची परवानगी मिळाली.

मे महिन्यात रुखवताच्या टेबलावर एकशे एक कुरडया मांडल्या. ओकव्हिलच्या एक पाहुण्या, प्रभाताई, यांनी विचारले, "भारतातून मागवल्यात?"

"नाही हो. बेसमेंटमधून. दोन माझ्या हातच्या, बाकीच्या नवरीच्या."

नारायणा, या माउलीच्या बोटांना उतार दे. तिच्या यजमानांचा श्वास मोकळा राहो. पुष्करच्या अंगणावरून वादळ दुरून जावो. ईरा आणि निहारच्या घरी अन्न आणि अतिथी कधी कमी पडू नयेत. हिवाळा कितीही कडक असला तरी त्या घराला ऊब असो, आणि त्या उबेत तुझे नाम असो.