काइंड बाई

"आजी, काइंड माने दयालु भी और प्रकार भी?" नातीने शब्दकोशातून डोकं वर काढून विचारलं, आणि मला लखनऊच्या महानगर नावाच्या मोहल्ल्यातली ती बाई आठवली.

बाबांची तिथे नवी बदली झाली होती. आम्ही तिच्याकडे भाड्याची खोली बघायला गेलो होतो. बाई फार काइंड आहे, असं सगळे सांगत. तिने माझ्या हातावर गरम गुजिया, म्हणजे आपली करंजी, ठेवली. वेलची घमघमत होती.

"आप किस काइंड के मराठी हैं?"

"बौद्ध," बाबा म्हणाले.

"अच्छा. कमरा तो कल ही दे दिया."

गुजिया मी तिच्याच पायरीवर ठेवून आले.

नातीने पुढचं वाचलं. दोन्ही अर्थांचं मूळ एकच, कूळ. कुळातल्यांशी वागावं तसं वागणारा तो काइंड. बाई काइंडच होती. आम्ही तिच्या कुळातले नव्हतो.