तिसरं रीडिंग

आशालता सामंत म्हणजे शिस्तीची बाई. गोखिवऱ्याच्या केमिकल कंपनीत बावीस वर्षं लॅब सांभाळली. ब्युरेटच्या काचनळीतून थेंब थेंब सोडायचा, रंग उडाला की आकडा टिपायचा. तीन रीडिंगं घ्यायची. दोन जुळली की तिसरं चुकलेलं, मारा काट! कॉलेजच्या प्रॅक्टिकलला आपण सगळे हेच शिकलो. पण दोघांचं एकमत झालं म्हणून तिसरा खोटा कसा, हे कुणा शहाण्याने विचारलं का?

त्या मंगळवारी काळूराम तीन बाटल्या घेऊन आला. चिंचोटीचा माणूस, रसायन शिजवायच्या रिअ‍ॅक्टरवर पंधरा वर्षं. एक बाटली आतल्या मालाच्या वरच्या थरातली, एक मधली, एक तळाची.

“म्याडम, तलाचं पानी येगलं दिसते. वासपन उग्र हाय.”

“तू तुझं काम बघ, आकडे मी बघते,” ती फणकारली.

वरचा आकडा चार, मधला चार, तळाचा अकरा. ब्युरेटमध्ये बुडबुडा अडकला असेल म्हणत तिने वहीत अकरावर काट मारली आणि रिअ‍ॅक्टर तापवायच्या चिठ्ठीवर सही ठोकली. शितावरून भाताची परीक्षा म्हणे! अहो, तळाचा भात करपला असेल तर वरचं शीत काय कपाळ सांगणार? आतली ढवळणी तुटली होती आणि कच्चा माल सगळा तळाशी बसला होता.

वीस मिनिटांत रिअ‍ॅक्टरचं झाकण छप्पर फोडून गेलं. पत्रे, काचा, उकळतं रसायन! आशालता आत धावली, काळूरामला दंडाला धरून ओढलं, तर उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखी त्याची कातडी तिच्या हातात आली. तो ओरडतसुद्धा नव्हता. गेटपाशी पोचेपर्यंत गेला. केनी नावाचा दुसरा कामगार छातीपर्यंत भाजला.

हॉस्पिटलच्या आवारात मॅनेजर हर्षवर्धनने जमलेल्यांना सांगून टाकलं, “काळूरामने न विचारता तापवायची वाफ सोडली.” एवढंच पुरलं. केनीच्या भावाने काळूरामच्या बायकोचे, यशोदेचे केस धरले आणि तिचं डोकं भिंतीवर आपटलं.

“तुझ्या दारुड्याने माझ्या भावाला जाळला!”

काळूराम दारूला शिवतसुद्धा नव्हता. यशोदा खाली कोसळली, तरी लाथा थांबेनात.

हर्षवर्धन आशालताच्या कानाशी आला. “मॅडम, वहीतलं ते पान फाडा. तसं तुमचं काही चुकलं नाही, दोन रीडिंगं जुळली होती.”

खरंच होतं ते! पद्धतीत खोट नाही आणि माणूस मेला. तिने पिशवीतून वही ओढली, ते पान उघडलं आणि गर्दीत घुसली. एक लाथ तिच्याही बरगडीत बसली.

“थांबा! तापवायच्या चिठ्ठीवर सही माझी आहे! काळूराम मला सांगत होता, तळाचं वेगळं आहे म्हणून. त्याच्या आकड्यावर काट मी मारली!”

लाथा थांबल्या. यशोदा भिंत धरून उठली, ओठावरचं रक्त पुसलं आणि अशी थोबाडीत दिली की आशालताचा चष्मा उडून फरशीवर फुटला. लगेच दुसरी दिली. आशालताने हात वर केला नाही. तिसरीसाठी उचललेला हात यशोदेने वहीवर टेकवला.

“त्याचा आकडा कुटला?”

आशालताने पानावर दाबून मारलेली काट चाचपली आणि तिचं बोट धरून तिथे ठेवलं.

“वाच. मोट्यानं वाच, सगल्यांना आयकू दे.”

चष्म्याशिवाय आशालताला वहीतलं काहीच दिसत नव्हतं.

“अकरा,” ती म्हणाली.