विंगरावांनी लिहिलेली हद्द

पडदा वर जातो. रंगमंच म्हणजे सरकारी कचेरीतली एक खोली. तिथे एक लांब टेबल आणि त्यावर चारी कोपऱ्यांना वजनं ठेवून अंथरलेला शहराचा नकाशा. खिडकीतून दुपारचं ऊन तिरपं आत आलेलं. नकाशा काढणाऱ्या बाई त्यावर बोट टेकवून तयार उभ्या. समोर हातात कायद्याचा मसुदा धरून ताठ बसलेले आमचे विंगराव. आणि दाराजवळच्या बाकावर मी, एकुलती एक प्रेक्षक. त्यांना तालमीला ओढून न्यायला आलेली.

विंगराव हे नाव आमच्या नाटक मंडळीनं ठेवलेलं. संध्याकाळी ते विंगेत उभे राहून आम्हाला विसरलेली वाक्यं पुरवत. माझ्यासारख्या विसराळू नटीची निम्मी अब्रू त्या माणसाच्या पुटपुटण्यावर टिकून होती. दिवसा मात्र ते सरकारच्या विधी खात्यात. शहराची हद्द कुठून कुठे जाते ते कायद्यात शब्दांनी लिहिलेलं असतं, हे मला त्यांच्यामुळे कळलं. शहर वाढलं की विधानसभेला तो कायदा दुरुस्त करावा लागतो, आणि नवं वर्णन लिहायचं काम विंगरावांचं.

खात्याची एक पद्धत होती. मसुदा वर जाण्याआधी एकानं वर्णन मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं नुसतं ऐकून नकाशावर बोट फिरवायचं. निघाल्या जागी बोट परत आलं, तर हद्द जुळली.

विंगराव वाचत होते. वीटभट्टीच्या कोपऱ्यापासून रुळांपर्यंत, रुळांच्या कडेनं पुलापर्यंत. आणि तिथून एक आख्खं वाक्य गाळून ते थेट पाण्याच्या टाकीवर पोचले. बोट पुलावरच अडलं.

"अहो, मधे काय उडी मारू?" बाईंनी विचारलं.

मला हसू फुटलं. जन्मभर दुसऱ्यांची गाळलेली वाक्यं पुरवणारा माणूस स्वतःच वाक्य गाळतो म्हणजे काय! पण त्यांचा चेहरा दिसला आणि हसू जागच्या जागी विरलं. ते घोटभर पाणी प्यायले आणि खालच्या आवाजात वाचू लागले, "पुलापासून ओढ्याच्या आजच्या प्रवाहाच्या मध्यातून..."

तालमीला जाताना रस्त्यात त्यांनी सगळं सांगितलं. ओढ्याच्या वळणावर त्यांची थोरली बहीण राहायची. घराला लागून तिचा गोठा. आईवडील गेल्यावर त्याच गोठ्यातलं दूध विकून तिनं भावाला शिकवलेलं. जुन्या कायद्यात हद्द ओढ्यावरून जायची. मधे आलेल्या एका पुरानंतर ओढ्यानं पात्र बदललं, आणि ती वस्ती ना शहराची ना गावाची अशी लोंबकळत राहिली. तिथे नळ नव्हता, आग लागली तर बंब यायचा नाही. आता रेषा कोरड्या पात्रातून न्यायची की वाहत्या, ते साहेबांनी विंगरावांवर सोडलं होतं. वाहत्या पात्रातून नेली, तर सगळी वस्ती शहरात येणार होती. पण शहरात गोठ्याला परवानगी नाही. वस्तीत गोठा एकच, ताईचा.

मी विचारलं, ताईंना सांगितलंत का? ते म्हणाले, आधी पास तर होऊ दे. मग त्यांनी विषय नाटकाकडे वळवला, आणि त्या दिवसापासून वळणावरच्या त्या घरी जाणंच सोडलं.

कायदा पास झाला. हात वर झाले, खाली आले, संपलं. वस्तीत नळाची खोदाई सुरू झाली आणि ताईंच्या दारावर गोठा हलवण्याची नोटीस चिकटली. तिच्यातूनच त्यांना कळलं. त्या तडक खात्यात आल्या. भावाच्या टेबलाशी उभ्या राहून एवढंच म्हणाल्या, "सगळ्या जगाला वाचून दाखवलंस. मला सांगताना जीभ झडली होती तुझी?"

त्यानंतर त्या भावाशी बोलेनात. गाई ओढ्यापलीकडे भाड्याच्या जागेत गेल्या. दर रविवारी विंगराव तिथे जाऊन वैरण टाकायचे, शेण काढायचे. ताई चहा समोर आदळायच्या आणि बोलायच्या गाईशी, "बघ गं, साहेब आलेत. तुला हद्दीबाहेर घालवणारे." विंगराव खाली मान घालून हसायचे.

एकदा मीही गेले होते. विंगराव नेहमीसारखे घमेलं उचलून निघाले होते. ताई अचानक गाईकडे पाठ करून त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या. कितीतरी महिन्यांनी त्या भावाशी थेट बोलत होत्या. त्यांनी विचारलं, उद्या पुन्हा तसाच कागद हाती आला, तर काय लिहिशील?

विंगरावांनी घमेलं खाली ठेवलं. माझ्या मनात आलं, आता तरी या माणसानं गोड बोलावं, थोडं खोटं बोलावं. आम्ही नाटकवाले तेवढं सहज करतो. त्यांनी हात पंच्याला पुसले.

"तेच लिहीन, ताई. पण आधी तुझ्यासमोर बसून वाचेन, आणि तू घालशील त्या शिव्या ऐकूनच उठेन."